गाळणें आणि निवळणें : लहान घाण्याच्या तेलास योग्य गाळणी कोणती?

वाशीम जिल्ह्यांत सोयाबीनाचा पेरा वाढला तसतशीं करडई, जवस, तीळ हीं जुनीं गळिताचीं पिकें मागें पडलीं आणि गांवोगांवचे बैलांचे घाणेही त्यांबरोबरच थांबले. परंतु अलीकडे लांकडी घाण्याच्या तेलास शहरांतून पुन्हां मागणी येऊं लागली असून, कित्येक शेतकऱ्यांनीं व बचतगटांनीं विजेवर चालणारे लहान घाणे घातले आहेत. बी विकण्याऐवजीं तेल विकावें आणि ढेप आपल्याच गोठ्यांत राहावी, हा विचार सर्वथा योग्य आहे. मात्र हा धंदा जेथें अडतो तें ठिकाण घाणा नसून घाण्यापुढचें भांडें होय. तेल निघतें, पण तें निवळ कसें करावें व कशांतून गाळावें, याविषयीं जो तो ऐकीव गोष्टीवर चालतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक अनुभव सांगतों. आमच्या गांवच्या एका गटाचा हिशेब दोन वर्षें आमच्याकडे होता. पहिल्या वर्षीं फाल्गुनांत करडई निघाली व चैत्रांत ती घाण्यावर घातली. निघालेलें तेल त्याच दिवशीं दुहेरी मलमलींतून दोन वेळां गाळून बाटल्यांत भरलें. तेल डोळ्यांस स्वच्छ दिसत होतें आणि साठ बाटल्या हातोहात खपल्या. आषाढांत तक्रारी सुरू झाल्या. बाटलीच्या तळाशीं बोटभर साका बसलेला, आणि बूच काढतांच आंबूस, खवट वास. साठांपैकीं एकतीस बाटल्या परत आल्या. पैसे तर परत द्यावे लागलेच. पण हें तेल भेसळीचें असावें असा जो संशय गिऱ्हाइकाच्या मनांत शिरला, तो कोणत्याही कीर्दींत जमाखर्च करून मिटण्यासारखा नव्हता.

गटांतील मंडळींनीं दोष कापडाला दिला. दुसऱ्या खेपेस जाड ड्रिलचें कापड आणलें. तेल रात्रभर ठिबकत राहिलें, आणि तरीही पुढें साका बसलाच. तेव्हां कर्ज काढून फिल्टर प्रेस घ्यावा अशी सूचना आली. सुदैवानें त्याच सुमारास एक गोष्ट नजरेस पडली. नमुन्यादाखल बाजूस काढलेली, मुळींच न गाळलेली एक बाटली कोनाड्यांत तीन आठवडे तशीच राहून गेली होती. तिचा वरचा तीन चतुर्थांश भाग काचेसारखा निवळ झाला होता. दोन कापडांस जें साधलें नाहीं तें कोनाड्यांतल्या तीन आठवड्यांनीं साधलें होतें. आपण तेल गाळलें, पण तें निवळूं दिलें नाहीं, ही चूक त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आली.

पूर्वीं ही अडचण का भासत नसे, हेंही पाहण्यासारखें आहे. वर्ध्याच्या मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघानें १९३४ नंतर घाण्याच्या सुधारणेचें मोठें काम केलें आणि त्यांतून वर्धा घाणी पुढें आली. परंतु त्या काळीं गांवचें तेल गांवांतच खपे. आज काढलेलें तेल दोन-चार आठवड्यांत कढईंत जाई. भांड्याच्या तळाचा साका घरची बाई दिव्याला लावी. आतां तेंच तेल बंद बाटलींत सहा-सहा महिने दुकानाच्या फळीवर उभें राहतें. घाणा जुना राहिला, पण तेलाचें आयुष्य वाढलें. म्हणून गाळण्याची रीतही बदलली पाहिजे.

तेलांत मळ कोणता असतो

गाळणी निवडण्यापूर्वीं काय गाळावयाचें आहे तें ठरविलें पाहिजे. घाण्याच्या ताज्या तेलांत तीन प्रकारचा मळ असतो. पहिला ढेपेच्या बारीक कणांचा. दुसरा पाण्याचा, कारण बी घाण्यांत फिरत असतां तेल सुटावें म्हणून त्यांत थोडें पाणी घालण्याची चाल आहे. तिसरा मळ बियांतील चिकट द्रव्यांचा व कांहीं बियांच्या टरफलांतून येणाऱ्या मेणाचा. हीं चिकट द्रव्यें ताज्या तेलांत मिसळून गेलेलीं असल्यानें डोळ्यांस दिसत नाहींत. पाण्याचा अंश शोषून तीं हळूहळू फुगतात आणि मग साक्याच्या रूपानें खालीं बसतात. या साक्यांत ओल व बियांतील सत्त्व दोन्ही असल्यामुळें तो कुजूं लागतो, आणि त्याच्या संगतीनें वरचें तेलही बिघडतें. आमच्या एकतीस बाटल्यांची हकीकत ही अशी होती. कापडानें पहिला मळ धरला. दुसरा व तिसरा त्यांतून सुखानें पार झाले.

तेव्हां पहिली पायरी कापडाची नव्हे, स्वस्थतेची आहे. द्रवांत बुडणाऱ्या कणांच्या वेगाचा नियम केंब्रिजचे गणिती जॉर्ज स्टोक्स यांनीं १८५१ सालीं मांडला. त्याचा व्यावहारिक अर्थ इतकाच कीं, कण अर्ध्या आकाराचा झाला म्हणजे त्याच्या बुडण्याचा वेग चौथाईवर येतो. त्यांत आपल्या हवेंत तेल हें पाण्याच्या सुमारें पन्नासपट घट्ट. म्हणून मोठे कण एका रात्रींत बसतात, आणि बारीक कणांस दिवसच्या दिवस लागतात.

यासाठीं झांकणाचें, स्टेनलेस पोलादाचें उभें पिंप घ्यावें व तळापासून वीतभर उंचीवर तोटी बसवावी. पिंप शक्य तों गळ्यापर्यंत भरावें, म्हणजे वर हवा कमी राहते. तें अंधाऱ्या खोलींत आठ-दहा दिवस हलवूं नये. कित्येक ठिकाणीं लवकर निवळावें म्हणून तेल उघड्या परातींत उन्हांत ठेवितात. करडईच्या तेलास ही रीत फार वाईट. कारण त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असून तें ऊन व हवा लागतांच खवट होऊं लागतें. तांब्यापितळेचीं भांडींही याच कारणानें वर्ज्य करावींत. त्या धातूंच्या स्पर्शानें खवटपणा लवकर येतो. पाण्याचा अंश राहिला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पळीभर तेल मंद आंचेवर धरावें. तडतड आवाज आला तर पाणी आहे असें समजून तें तेल अद्याप बाटलींत भरूं नये.

बिअरवाल्यांपासून घेण्याजोगे धडे

हा प्रश्न एकट्या घाणेवाल्याचा नाहीं. जवापासून आंबवून केलेल्या बिअर या पेयांतही यीस्टचे व धान्यसत्त्वाचे अतिसूक्ष्म कण तरंगतात, आणि तें निवळ करण्याचा अभ्यास युरोपांत फार दिवस चालू आहे. जर्मनींतील वोर्म्स गांवच्या लोरेन्स एन्झिंगर यांनीं १८७८ सालीं कागद वापरणाऱ्या बिअरगाळणीचें पेटंट घेतलें. पुढें कीसेलगुर नांवाच्या हलक्या पांढऱ्या मातीचा उपयोग सुरू झाला. ही माती म्हणजे पाण्यांत वाढणाऱ्या अतिसूक्ष्म शेवाळाचीं गारेसारखीं कवचें होत. हिच्यांतच नायट्रोग्लिसरीन जिरवून आल्फ्रेड नोबेल यांनीं १८६७ सालीं डायनामाइट केलें. आपल्याकडेही पुण्यासारख्या शहरांत आतां लहान बिअर कारखाने चालतात, आणि त्यांपुढें हाच प्रश्न असतो. तें पेय कोणी घ्यावें वा न घ्यावें हा येथें विषय नव्हे. त्या धंद्यांतले तीन धडे मात्र आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला धडा असा कीं, गाळणीवर ओझें टाकण्यापूर्वीं जितकें बसेल तितकें बसूं द्यावें. लहान बिअर कारखान्यांत पुष्कळदां पेय थंडींत कांहीं दिवस स्थिर ठेवूनच काम भागवितात. दुसरा धडा, गाळण्याचें खरें काम कापड करीत नसून कापडावर बसलेला थर करतो. कापडाचीं भोकें कणांहून मोठीं असतात. प्रथम कांहीं कण पार होतात, मग ते एकमेकांस अडून कमान धरतात आणि त्या थरांतून निवळ द्रव येऊं लागतो. म्हणून आरंभीं येणारें गढूळ तेल परत वर ओतावें, आणि थर जमल्यावर कापड हलवूं वा पिळूं नये. पिळलेल्या कापडानें दिलेलें तेल म्हणजे गाळलेला मळ पुन्हां तेलांत घालणें होय. दाबही आरंभीं थोडा ठेवून सावकाश वाढवावा; एकदम दाबल्यास थर चिकटून घट्ट होतो व वाट बंद पडते.

तिसरा धडा उष्णतेचा. बिअर गोठणबिंदूच्या जवळ थंड करून गाळतात, म्हणजे थंडींत जी गढूळता पुढें उत्पन्न व्हावयाची ती आधींच उत्पन्न होऊन गाळणीवर अडकते. आपण याच्या उलट करतों. तीस अंशांवरचें तेल साठ अंशांपर्यंत तापविलें तर त्याचा घट्टपणा सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि गाळणें भराभर होतें, हें खरें. पण ऊन तेलांत मेण विरघळलेलें राहतें, तें गाळणींतून निघून जातें आणि पौषांत बाटलींत धुक्यासारखें दिसूं लागतें. सूर्यफुलाच्या तेलांत हा प्रकार विशेष होतो. शिवाय थंड घाण्याचें म्हणून विकावयाच्या तेलास तापविणें हें गिऱ्हाइकाशीं सचोटीचेंही नव्हे. म्हणून शेवटची गाळणी नेहमीं थंड वेळीं, पहाटेच्या प्रहरीं करावी. भुईमुगाचें तेल मात्र थंडींत आपोआप गोठूं लागतें. तें उबेंत ठेवितांच पूर्ववत् निवळ होत असल्यास त्यांत दोष मानूं नये.

गाळणीचीं द्रव्यें

आतां बाजारांत मिळणाऱ्या द्रव्यांचा क्रमानें विचार करूं.

पोलादी तारेची जाळी. शंभर नंबरच्या जाळीचें भोक सुमारें दीडशें मायक्रॉनांचें असतें, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट. हिचा उपयोग घाण्याच्या तोंडाशीं टरफलें व मोठे कण अडविण्यापुरता. धुण्यास सोपी व टिकाऊ असल्यानें ती अवश्य ठेवावी.

सुती कापड. मलमल फार विरळ, ड्रिल फार दाट. मांजरपाट किंवा दुसुती मध्यम असल्यानें घरगुती कामास चांगली. नव्या कापडास खळ असते, ती उकळून काढावी. वापरलेलें कापड धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यांत धुऊन, पुष्कळ पाण्यानें खळबळून कडक वाळवावें. येथेंच मोठी चूक होते. धुतलेलें कापड ओलसर असतांना लावलें तर धाग्यांतील पाणी तेलाची वाट अडवितें आणि स्वतः तेलांत उतरतें. ओलें कापड म्हणजे पुढच्या साक्याचें बी होय.

पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएस्टरच्या पिशव्या. या मायक्रॉनांच्या आंकड्यानुसार मिळतात, पाणी शोषीत नाहींत व लवकर वाळतात. आठवड्यास शंभर-दोनशें लिटर तेल काढणाऱ्यास आमच्या मतें यांसारखें दुसरें साधन नाहीं. प्रथम पन्नास, मग पंचवीस आणि शेवटीं दहा अथवा पांच मायक्रॉन असा क्रम ठेवावा. एकदम पांचाची पिशवी लावल्यास ती घटकेंत तुंबते. मात्र पिशवी खाद्यपदार्थांस योग्य अशा प्रतीची आहे, हें विकणाऱ्याकडून लेखी घ्यावें.

कागद व कापूस. निवळलेल्या तेलास शेवटची झळाळी आणण्यास कागद उत्तम. गढूळ तेलास निरुपयोगी. कापसाचा जाड थर कण आंत ओढून धरतो, पण तेलही पुष्कळ पितो आणि धुतां येत नाहीं.

वाळू व कोळसा. वाळू पाण्यास चांगली; तेलास लावल्यास ती धुणें अशक्य होऊन आंत राहिलेलें तेल खवट होतें व पुढच्या घाण्यास बाधतें. चुलींतील कोळशाची पूड तर तेलांत काळे कण मिसळते. कारखान्यांतील कृतिशील कोळसा रंग व वास ओढून घेतो. परंतु घाण्याच्या तेलाचा रंग व वास यांसाठींच गिऱ्हाईक जास्त पैसे देतें, तेव्हां तो काढून टाकण्यांत काय मिळविलें? मुलतानी व तिच्यासारख्या मातींनाही हेंच लागू आहे.

कीसेलगुर. हिनें तेल फारच निवळ होतें. पण थर बसविण्यास पंप व फिल्टर प्रेस लागतो. पूड श्वासांत गेल्यास फुप्फुसांस अपाय होतो, म्हणून तोंडास योग्य मुखपट्टी बांधल्याविना तिला हात लावूं नये. रोज शेंकडों लिटर तेल निघत नसेल तोंवर या फंदांत पडूं नये.

फिल्टर प्रेस हें यंत्र वाईट नव्हे. परंतु २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेंत कर्जाशीं निगडित पस्तीस टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, अनुदान ठेवण्यांत आल्यापासून, अनुदान आहे म्हणून यंत्र घ्यावें अशी उलटी विचारसरणी दिसूं लागली. उरलेले पासष्ट टक्के आपल्याच गांठीचे असतात, हें विसरूं नये.

स्वतःच परीक्षा करावी

प्रत्येक बी, प्रत्येक घाणा व प्रत्येक हंगाम निराळा. म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावर कापड घेऊं नये. ताजें तेल नीट ढवळून दोन लिटर घ्यावें. त्यांतील अर्धें एका काचेच्या बरणींत भरून अंधारांत ठेवावें व बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून रोज साक्याची उंची पेन्सिलीनें मांडावी. सलग तीन दिवस खूण हलली नाहीं कीं ती मुदत आपल्या पिंपास किमान समजावी. पिंप बरणीहून खोल, तेव्हां त्यास आणखी दिवस द्यावेत. उरलेलें लिटर तसेंच निवळूं देऊन, वरच्या तेलाचे शंभर-शंभर मिलिलिटरचे भाग निरनिराळ्या कोरड्या कापडांतून सोडावेत. प्रत्येकास लागलेला वेळ, गाळण्यापूर्वीं व नंतर कापडाचें वजन, आणि बाटलीमागें वर्तमानपत्र धरल्यास बारीक टाइप वाचतां येतो कीं नाहीं, हें वहींत लिहावें. कापडाच्या वजनांतील वाढ म्हणजे आपला तेलाचा तोटा. दोन रुपयांच्या झळाळीसाठीं दहा रुपयांचें तेल कापडास पाजणें हा हिशेब बरोबर नव्हे. शेवटीं गाळलेल्या तेलाची एक बाटली महिनाभर ठेवून मगच पहिली विक्री करावी. पिंपाचा ताजा साका तेलानें भरलेला असतो; तो त्याच आठवड्यांत पुढच्या घाण्यांत घालावा, आंबल्यावर नव्हे.

गाळणीच्या हातीं नसलेल्या गोष्टी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. निवळ तेल म्हणजे निर्दोष तेल नव्हे. पिवळ्या धोत्र्याचें बी मोहरींत मिसळलें गेल्यास त्याचें विष तेलांत विरघळतें. कोणत्याही कापडानें तें अडत नाहीं. १९९८ सालीं दिल्लींत अशाच मोहरीच्या तेलानें जलोदरासारख्या सुजेची सांथ येऊन अनेकांचे प्राण गेले. भुईमुगाच्या बुरशीचें विषही तसेंच. १९६० सालीं इंग्लंडांत अशा ढेपेनें एक लाखावर टर्की कोंबडे मेले, तेव्हां तें विष जगास कळलें. त्याचा मोठा भाग ढेपेंत राहतो व कांहीं कणांबरोबर गाळला जातो. पण गाळल्यानें तें नाहींसें होतें असें मुळींच नाहीं. हीं विषें गाळणीवर नव्हे, खळ्यावर अडवावयाचीं असतात: बी चाळून, निवडून, कडक वाळवून, आणि बुरसलेला दाणा निर्दयपणें टाकून.

आपल्या जिल्ह्याचें मुख्य पीक सोयाबीन. त्याचेंही तेल घाण्यावर काढावें असें पुष्कळांस वाटतें. सोयाबीनांत तेल अठरा ते वीस टक्केच, आणि काढलेल्या तेलांत चिकट द्रव्य दोन टक्क्यांच्या आसपास. कारखान्यांत तें साठ-सत्तर अंशांवर थोडें पाणी मिसळून, फुगवून वेगळें काढतात. नुसत्या पिशवीनें तें कदापि निघत नाहीं. तेव्हां लहान घाण्यास करडई, तीळ, भुईमूग हींच योग्य.

जवसाविषयीं एक इशारा अत्यंत आवश्यक आहे. जवसाच्या तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकल्यास तीं हवेंतील प्राणवायु घेऊन आपोआप तापतात व पेट घेऊं शकतात. करडईच्या फडक्यांसही हा धोका थोडाबहुत आहे. वापरलेलें कापड ताबडतोब धुवावें, नाहीं तर एकेरी पसरून मोकळ्या हवेंत वाळवावें किंवा पाणी भरलेल्या झांकणाच्या डब्यांत बुडवून ठेवावें. कापसाचा साठा व तेलाचीं फडकीं एका खोलींत कधींही नसावींत.

विक्रीपूर्वीं अन्न सुरक्षा व मानकें अधिनियम, २००६ प्रमाणें नोंदणी किंवा परवाना घेतला पाहिजे, आणि २०११ च्या नियमांनीं सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत, हेंही ध्यानांत ठेवावें. नियमांविषयीं शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरींत, आणि यंत्राविषयीं शंका असल्यास रिसोड तालुक्यांतील करडा येथील कृषि विज्ञान केंद्रांत विचारणा करावी.

आमच्या गटानें फिल्टर प्रेस घेतला नाहीं. दोन पोलादी पिंपें, एक जाळी व तीन पिशव्या, एवढ्या साहित्यावर दुसऱ्या वर्षीचें तेल बारा दिवस निवळवून, मग गाळून विकलें. त्या वर्षीं एकही बाटली परत आली नाहीं. परत आलेल्या एकतीस बाटल्यांपैकीं एक मात्र घाण्याच्या खोलींत अजून ठेविली आहे. नवीन माणूस घाई करूं लागला म्हणजे ती त्यास दाखवितात.